सुई कोणी टोचायची?

१४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानातली ही पहिली यशस्वी लस. बगदादहून बसऱ्यामार्गे, दंडावरून दंडावर घेत ती इथवर आली होती. पण इलाख्यातल्या गावोगाव पोचायला इतके डॉक्टर आणायचे कुठून? म्हणून १८२७ पासून पगारी देशी ‘देवी काढणारे’ हिंडू लागले आणि त्यांच्यावर गोरे अधीक्षक नेमले गेले. आपला मागोवा इथून सुरू करायला हरकत नाही, कारण हात एकाचा आणि जबाबदारी दुसऱ्याची ही व्यवस्था इथे उघड दिसते. पोराचा दंड धरायचा, ओरखडा काढायचा, आठव्या दिवशी फोड धरला का ते पाहायचे आणि त्यातलाच द्रव पुढच्या पोराला टोचायचा, एवढेच देवी काढणाऱ्याचे काम. तापावर औषध देणे त्याच्याकडे नव्हते. साहेब घोड्यावरून येऊन व्रण मोजून जाई. मधल्या दिवसांत गावाने याच माणसाला किती दुखणी दाखवली असतील, ते कुठल्या अहवालात सापडायचे नाही.

डॉक्टरांमध्येही लवकरच पायऱ्या पडल्या. १८२६ साली मुंबईत डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळा निघाली आणि १८३२ मध्ये ती बंदही झाली. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले ते इंग्रजीतून. पदवीधर वर, हॉस्पिटल असिस्टंट खाली, अशी उतरंड पक्की झाली. १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने नोंदवही आणली, देशातली पहिली. वैद्य-हकिमांना स्वतःची नोंदवही मिळायला १९३८ उजाडले. दरम्यान तालुक्याच्या गावी दवाखान्याच्या पाटीवर ‘एल.सी.पी.एस.’ ही अक्षरे झळकू लागली. हे पदवीधर नव्हेत, परवानाधारक. १९४६ साली देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने मोजले, तेव्हा देशातल्या ४७,५२४ नोंदणीकृत डॉक्टरांपैकी २९,८७० असेच होते. तरीही समितीने हा वर्ग बंद करून एकाच प्रतीचा ‘मूलभूत डॉक्टर’ घडवायची शिफारस केली. हेतू चांगला होता, पण पाटी उतरली आणि खुर्ची रिकामीच राहिली, असे मला वाटते.

त्या खुर्चीवर हळूहळू दुसरे लोक येऊन बसले. महाराष्ट्र सरकारने १९९२ मध्ये अधिसूचना काढून आयुर्वेदाच्या नोंदणीकृत पदवीधरांना आधुनिक औषधे देण्याची वाट मोकळी केली. राज्याच्या कायद्याने मुभा दिली असेल तरच ती वाट खरी, असे १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. याच दशकात गडचिरोलीत वेगळेच काही घडत होते. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत तिथल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करायचे, श्वास मोजायचे, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे जुळली तर जेंटामायसिनची सुई स्वतः द्यायची. पंधरा दिवसांनी एक डॉक्टर येई. तो नोंदी तपासायचा, चुका दाखवायचा, पण बाळावर उपचार करायचा नाही. जुन्या अधीक्षकाच्या फेरीचा हा दूरचा वंशज म्हणता येईल, मात्र हा व्रण मोजून निघून जात नव्हता. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.

२०११ साली घरोघरीच्या नवजात-काळजीची ही रीत देशभरातल्या आशाताईंकडे आली. वजनकाटा आला, थर्मामीटर आला, सुई तेवढी गाळली गेली. २०१४ मध्ये ती नर्सबाईंना, म्हणजे एएनएमना मिळाली, तीही बाळाला मोठ्या दवाखान्यात नेणे शक्य नसेल तेव्हापुरती. त्याच वर्षी महाराष्ट्राने कायदा बदलून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना आधुनिक औषधे देण्याची परवानगी दिली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अशा होमिओपॅथांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या वहीत घ्यायची की नाही, यावरून सप्टेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला. आशाताईंच्या पिशवीत सुई अजून नाही.