कमरेवरची जखम भरत नाहीये? बायोप्सीआधी डॉक्टरांना काय विचारायचं?

२०२४ मध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्कर महिलांच्या केसेस मांडल्या. दोघींच्याही उजव्या बाजूला, कमरेजवळ न भरणारी जखम होती. एकीची परकराच्या नाडीमुळे, दीड वर्षांपासून. दुसरी ४० वर्षं लुगडं घट्ट नेसायची, तिची जखम दोन वर्षांची. बायोप्सीत निदान झालं मार्जोलिन अल्सर, म्हणजे जुन्या जखमेत होणारा त्वचेचा कॅन्सर. दुसऱ्या महिलेच्या जांघेतल्या गाठीपर्यंत तो पोचला होता.

हे नवीन नाही. मुंबईचे डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ मध्येच 'धोती कॅन्सर'बद्दल लिहिलं होतं.

अशा जखमेवर हळद, मलम आणि 'बघू अजून थोडे दिवस' यात महिने जातात. खरं उत्तर मिळतं ते तुकडा तपासल्यावरच. 'सुरी लागली की कॅन्सर पसरतो' ही भीती घरोघरी असते, पण त्वचेच्या बायोप्सीने कॅन्सर पसरतो याला पुरावा नाही.

तुकडा कसा काढायचा, हे जखमेवर ठरतं. पंच बायोप्सीत जागा बधिर करून गोल पात्याने साधारण ३-४ मिलिमीटरचा खोल तुकडा काढतात, एखादा टाका पडतो. शेव्हमध्ये फक्त वरचा थर खरवडून घेतात. मोठ्या जखमेचा थोडाच भाग काढतात, तोही कडेचा, कारण मधोमध बऱ्याचदा मेलेल्या पेशीच असतात. संशयास्पद काळा डाग मात्र शक्य असेल तर अख्खा काढतात. मेलानोमा किती मिलिमीटर खोल गेलाय त्यावर पुढचे उपचार ठरतात, आणि वरवर खरवडलं तर ते मापच चुकू शकतं. भारतीयांमध्ये हा डाग अनेकदा तळपायावर किंवा नखाखाली असतो, म्हणून तिथेही बघा.

पुण्यात ससूनला जा किंवा खासगी त्वचारोगतज्ज्ञाकडे, हीच बायोप्सी का आणि तुकडा कुठून घेणार, हे आधी विचारा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, स्वतःहून बंद करू नका. डायबिटीस असेल तर तेही सांगा.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही आला आणि तरीही जखम भरली नाही, तर? अशा वेळी पुन्हा, दुसऱ्या जागेवरून तुकडा घ्यावा लागू शकतो.

रिपोर्टसोबत स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक कुठे ठेवतात, तेही विचारून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर नुसता कागद पुरत नाही, तेच मागतात.