ओएसपीएफचे टायमर: शेजारचा स्विच बंद पडल्याचं कळायला ४० सेकंद का लागतात?

मोठ्या ऑफिसात किंवा डेटा सेंटरमध्ये एक वाट बंद पडली की डेटा दुसऱ्या वाटेने वळवण्याचं काम अनेकदा ओएसपीएफ हा प्रोटोकॉल करतो. तो लिंक-स्टेट प्रकारातला आहे. म्हणजे आपल्याला कोण कोण जोडलेलं आहे हे प्रत्येक स्विच इतरांना कळवतो आणि त्यावरून प्रत्येक जण नेटवर्कचा नकाशा स्वतःच बनवतो. नकाशावरची जवळची वाट शोधायची पद्धत डाइक्स्ट्रा यांची, १९५९ साली प्रसिद्ध झालेली.

शेजारी जिवंत आहे की नाही, हे दोन टायमर ठरवतात. इथरनेटवर साधारणपणे दर १० सेकंदांनी 'हॅलो' पाठवला जातो. ४० सेकंद एकही हॅलो आला नाही, तर शेजारी गेला असं धरतात. हा 'डेड' टायमर.

केबल थेट तुटली तर पोर्टच बंद होतो आणि स्विचला लगेच कळतं. खरी पंचाईत होते ती मध्ये मीडिया कन्व्हर्टर किंवा दुसरा साधा स्विच असेल तेव्हा. पलीकडची बाजू बंद पडली तरी अलीकडचा दिवा हिरवाच राहू शकतो, आणि ४० सेकंदांपर्यंत डेटा कुठेच न पोहोचणाऱ्या वाटेवर जात राहतो. तेवढ्यात व्हिडिओ कॉल बहुधा तुटलेलाच असतो.

मग टायमर कमी करायचे? करता येतात, पण दोन्ही बाजूंना सारखेच हवेत. नाहीतर शेजार जुळतच नाही. (आयएस-आयएस या भावंडाला ही अट नाही.) सिस्कोच्या स्विचवर हॅलो बदलला की डेड आपोआप त्याच्या चौपट होतो, तो वेगळा दिला नसेल तर. दुरून काम करत असाल तर आधी लांबचा स्विच बदला, मग जवळचा. उलट केलंत आणि तिथे जायला दुसरी वाट नसेल, तर थोड्याच वेळात लांबच्या स्विचशी संपर्क तुटेल आणि गाडी काढून तिथे जावं लागेल.

हॅलो १ सेकंदावर आणण्याचा मोह मात्र आवरावा. हॅलोचं काम सहसा स्विचच्या सीपीयूवर पडतं. सीपीयू गडबडीत असला की हॅलो चुकतात, चांगला शेजारी मेला म्हणून जाहीर होतो, सगळे स्विच नकाशा पुन्हा मांडतात आणि सीपीयूवरचा भार आणखी वाढतो. त्यापेक्षा २०१० साली प्रमाणित झालेला बीएफडी बरा. ३०० मिलिसेकंदांनी एक, असे तीन संदेश चुकले की सेकंदाच्या आत बिघाड कळतो. अनेक स्विच हे काम हार्डवेअरमध्येच करतात, त्यामुळे हॅलो १० सेकंदांवरच ठेवता येतो.

टायमरला कुणी हात लावला नसतानाही शेजार जुळत नसेल, तर नेटवर्कचा प्रकार तपासा. एनबीएमए प्रकारात हे आकडे ३० आणि १२० असतात. 'शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस' ही कमांड दोन्ही टोकांना चालवली की फरक लगेच दिसतो.