पणजीच्या चर्चची घंटा

पणजीच्या चर्चसमोर कुणी ना कुणी फोटो काढत असतंच. पांढरीशुभ्र दर्शनी भिंत आणि तिच्या पायाशी नागमोडी उतरणाऱ्या पायऱ्या. 'सोळाव्या शतकातलं पोर्तुगीज चर्च' ही ओळ फोटोखाली ठरलेली. ती अगदीच चुकीची नाही, पण फोटोत दिसतं त्यातलं बहुतेक सगळं नंतरचं आहे.

१५४१ साली या टेकडीवर उभं राहिलं ते एक लहानसं चॅपल. लिस्बनहून आलेले खलाशी मांडवीतून वर जुन्या गोव्याला जाण्याआधी इथे थांबत आणि जिवंत पोचल्याबद्दल देवाचे आभार मानत. १६०० मध्ये इथे पॅरिश झाली आणि १६१९ पर्यंत मोठं चर्च बांधून झालं. पायऱ्यांची रचना त्याच्याही नंतरची. गाव मात्र तोवर लहानच होतं. वैभव सगळं जुन्या गोव्यात.

तिथल्या माउंट सांतोवर ऑगस्टिनियन साधूंचा मठ होता. त्याच्या चर्चचा जांभ्या दगडाचा मनोरा सुमारे ४६ मीटर उंच. साथींनी शहर ओस पडत गेलं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बरखास्त केल्यावर मठही रिकामा झाला. देखभालीला कुणी उरलं नाही. १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं आणि पुढच्याच वर्षी पणजी अधिकृत राजधानी झाली.

मठाची घंटा वाचली. दोन हजार किलोंहून जड. गोव्यात से कॅथेड्रलच्या 'सोन्याच्या घंटे'नंतर हिचाच नंबर. आधी ती आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चला मिळाली. पण एवढं वजन टांगायचं कुठे? त्यासाठी दर्शनी भिंतीचा मधला भाग बळकट करून वर घंटाघर चढवावं लागलं. चर्चला आज जो उंच, निमुळता डौल दिसतो, तो या घंटेपायी आलेला आहे. (आतली एक वेदीही अशीच बाहेरून आलेली: सेंट फ्रान्सिस झेवियरची, आदिलशाही राजवाड्यातल्या चॅपलमधून, १९१८ मध्ये.)

मला हे चर्च आवडतं ते या विजोडपणामुळे. गावच्या चर्चला राजधानीची घंटा पेलावी लागली आणि त्यासाठी त्याने आपला चेहरा बदलला. जुन्या गोव्याचे दगड पणजीच्या बांधकामांत जिरून गेले, ओळखूही येत नाहीत. घंटा निदान ऐकू येते.

मठाच्या मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये पडला. उरलेला अर्धा अजून उभा आहे, आत आकाश दिसतं.