होकायंत्राची सुई हलली नाही!

अमेरिकेत ॲरिझोनाच्या ओसाड पठारावर सुमारे सव्वा किलोमीटर रुंदीचे एक गोल विवर आहे. ते उल्केने पाडले की ज्वालामुखीने? १८९१ साली भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी याचा छडा लावायचे ठरवले. त्यांचा हिशेब सरळ होता. लोखंडी उल्का खाली गाडली असेल, तर होकायंत्राची सुई ढळेल. शिवाय उल्केने जागा अडवल्यामुळे काठावरची दगडमाती खड्ड्यात मावणार नाही. पण सुई ढळली नाही आणि दगडमातीही खड्ड्याएवढीच भरली. गिल्बर्ट म्हणाले, हा भूगर्भातल्या वाफेचा स्फोट! पुढे १८९६ मध्ये त्यांनी आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारशी या विवराचे साम्यही नोंदवले.

मोजणीत खोट नव्हती. खोट होती गृहीतकात. प्रचंड वेगाने आदळलेली उल्का बहुतांशी वितळून विखरून जाते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. १९६० मध्ये ॲरिझोनात कोएसाइट हे अतिदाबाखाली बनणारे खनिज सापडले. लोणारच्या तळातील नमुन्यांतही आघाताने काच झालेले खनिज मिळाल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही विवरे उल्कापाताचीच ठरली. म्हणून कोणतेही सर्वेक्षण वाचताना आधी पाहावे, मोजण्यापूर्वी काय गृहीत धरले होते?