चिपाड, गोवरी आणि बाभळीचा कोळसा

कोणत्या कामाला कोणतं जळण, याचं शहाणपण पुण्याजवळच्या मांजरीच्या शिवारात गुऱ्हाळांनी रुजवलं. १८७० च्या दशकात खडकवासल्याचं धरण बांधलं गेलं, मुठेच्या उजव्या कालव्याचं पाणी हडपसरवरून खाली मांजरी-लोणीकडे आलं आणि मुळा-मुठेकाठी ऊस वाढला. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ साली निघालं. त्याच्या बऱ्याच आधीपासून मांजरीच्या सरकारी शेतावर उसाचे प्रयोग चालत.

जुना चरक सबंध बाभळीच्या लाकडाचा. दोन उभ्या लाटा, एक नवरा आणि दुसरी नवरी. बैल फिरले की दात्यांत दाते अडकवून त्या फिरत. रस काहिलीत, आणि काहिलीखाली जळायला त्याच उसाचं चिपाड. ओलं चिपाड नुसतं धुमसतं, म्हणून ते आधी उन्हात पसरून कडकडीत वाळवायचं. चुलाणाच्या तोंडाशी बसलेला गडी ते थोडं थोडं आत सारतो. भडका लगेच उठतो आणि लगेच बसतो. गुळव्याला नेमकं हेच हवं असतं, कारण पाक चिकटीवर आला की जाळ तिथल्या तिथे आवरावा लागतो. जाड लाकडाचे निखारे मागे राहिले तर तळ तापतच राहतो आणि गूळ काळवंडतो.

हुरड्याचं गणित याच्या अगदी उलट. पौष-माघात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची ती आगटीत, गोवऱ्यांच्या धगीवर. गोवरी पेट घ्यायला वेळ लावते. एकदा धरली की मात्र ज्वाळा न करता तासन्‌तास धगधगत राहते. दाणा बाहेरून करपत नाही, आतून शिजतो, आणि कणीस गरम असतानाच हातावर चोळून काढता येतं. सुरती किंवा गूळभेंडी ज्वारीचा गोडवा या मंद धगीवरच टिकतो.

कोळशाची गोष्ट मात्र दुखरी आहे. लोहाराच्या भात्याला, परटाच्या इस्त्रीला, पुढे हॉटेलांच्या तंदूरला लागणारा कोळसा पाडला तो मोठ्या प्रमाणावर कातकऱ्यांनी. कुलाबा (आताचा रायगड) आणि ठाण्याच्या डोंगरांत ते दळी, म्हणजे उतारावरचा झाडोरा जाळून करायची शेती, करत. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या, दळीवर बंधनं आली आणि कातकऱ्यांना मजुरीशिवाय फारसं काही उरलं नाही. कोळसा भट्टी हा त्या मजुरीचा एक मोठा भाग. पावसाळ्यात व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर बायकापोरांसह घाट चढून देशावर यायचं, अगदी कर्नाटकापर्यंत. बाभूळ, वेडी बाभूळ तोडायची, रचायची, वर पाला आणि माती लिंपायची, हवेपुरती भोकं ठेवायची. पांढरा दाट धूर म्हणजे लाकडातलं पाणी निघतंय. धूर पातळ आणि निळसर झाला की भोकं बुजवायची. रात्री डोळा लागला आणि माती खचली, तर हाती राखच येते. सगळं जमलं तरी शंभर किलो लाकडातून वीसएक किलो कोळसा. उचल फिटत नाही म्हणून याच भट्ट्यांवर पुढच्या वर्षी पुन्हा यावं लागलेली कुटुंबं असंख्य आहेत.

या साखळीला एक पर्याय पुण्यातच निघाला. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने शेतात पेटवून दिल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी बसवली. पिंपात पाचट ठासून हवेशिवाय तापवायचं, निघालेली भुकटी खळीत मळायची आणि कांड्या पाडायच्या. २००२ साली या कामाला इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. झाड न तोडता कोळसा मिळतो, ही गोष्ट मला पुरस्काराहून मोठी वाटते.

मांजरीतच १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. आपल्याकडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलात आणि ऑक्टोबरात, आणि जळणाला येतील अशा काड्यांचे ढीग पडतात. फ्रान्समध्ये बोर्दोच्या बाजूला अशाच काड्यांवर मांस भाजतात. आपल्या बागांवर फवारण्या फार असतात. काडी कुठल्या बागेतली हे माहीत नसेल तर अन्नाखाली ती घालू नये. कण्हेरीचं लाकूड तर कधीच नको, ते विषारी. रंगवलेल्या फळ्या आणि प्लायवूडही नको.

कोळसा घेताना दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहावेत. खणखणीत वाजला तर पक्का. मोडल्यावर आत तपकिरी दिसला तर अर्धकच्चा, तो धुरावणार. मांस भाजायला बाभळीचा कोळसा उत्तम, हुरड्याला आणि वांग्याच्या भरताला गोवरीच. आणि पिशवी घेताना विक्रेत्याला एवढं जरूर विचारा, की हा कोळसा कुठल्या भट्टीवरचा आणि तो पाडणाऱ्याला काय मिळालं.