हाताचे चाक : गेले आणि परत आले

१९४० च्या दशकाच्या अखेरची गोष्ट. अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यात हेलिकॉप्टरची पाती बनत. पात्याच्या आकाराचा नमुना कापताना मिलिंग यंत्रापाशी तीन माणसे उभी राहत. एक जण कागदावरचे आकडे मोठ्याने वाची, दुसरा आडव्या दिशेचे चाक तेवढे फिरवी आणि तिसरा उभ्या दिशेचे. हे आकडे पार्सन्स यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी छिद्रपत्रांवर चालणाऱ्या गणनयंत्रांच्या मदतीने काढलेले असत.

चाके जर आकड्यांप्रमाणेच फिरवायची, तर मध्ये माणूस कशाला? १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने पार्सन्स यांना या कामाचे कंत्राट दिले. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी त्यात सामील झाली आणि १९५२ मध्ये तिच्या प्रयोगशाळेने छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर चालणारे मिलिंग यंत्र जाहीरपणे दाखवले. आता स्क्रू मोटर फिरवू लागली.

त्याच सुमारास जनरल इलेक्ट्रिक कंपनीने वेगळी वाट शोधली होती. कुशल कामगाराने पहिला जॉब हाताने करायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवायच्या आणि पुढचे जॉब त्या फितीवरून काढायचे. ही पद्धत मागे पडली. यामागे केवळ तांत्रिक कारणे नव्हती, तर कामावरचा ताबा कामगाराच्या हातून व्यवस्थापनाकडे नेण्याची ओढही होती, असे मत इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात मांडले. ते पटो वा न पटो, यंत्रापासून हात पुरता दूर झाला नाही एवढे खरे.

कारण अगदी साधे आहे. फीत सांगते, ‘२० मिमी पुढे जा’. पण कुठून पुढे? जॉबचा कोपरा कोठे आहे, हे कोणीतरी यंत्राला दाखवावे लागते. त्यासाठी संगणकनियंत्रित यंत्रांना चाक परत मिळाले. मात्र आता ते तळहातावर मावणारे असून केबलने यंत्राला जोडलेले असते.

या चाकाचा स्क्रूशी काही संबंध नसतो. त्याच्या आत खाचा असलेली चकती असते. चकतीच्या एका बाजूला प्रकाश व दुसऱ्या बाजूला दोन प्रकाशसंवेदक, लगतच्या खाचांमधील अंतराच्या पाव भागाइतके पुढेमागे बसवलेले. एका दिशेने फिरवताना पहिल्यावर प्रकाश असतानाच दुसऱ्यावर येतो. उलट फिरवताना दुसऱ्यावर असतानाच पहिल्यावर येतो. त्यावरून नियंत्रकाला दिशा कळते आणि स्पंद मोजून अंतर कळते.

सामान्यतः एका फेऱ्यात १०० ‘टक’ असतात. गुणक १ वर ठेवला, तर एका टकाला कटर ०.००१ मिमी सरकतो. १० वर ०.०१ आणि १०० वर ०.१ मिमी. कामगार थांबलेला कटर आणि जॉब यांच्यामध्ये कागद धरून तो अडकेपर्यंत कटर हळूहळू खाली आणतो. कागदाची जाडी असते सुमारे ०.१ मिमी. गुणक चुकून १०० वर राहिला, तर एकच टक कटर जॉबवर आदळायला पुरतो.

आणि हाताला ते कळतही नाही! जुन्या चाकाला धातूचा विरोध मनगटात जाणवे. नव्या चाकाचा टक हवेतही तसाच, पोलादावरही तसाच. गेलेल्या जाणिवेची भरपाई रचनाकाराला करावी लागते. कामगाराचे डोळे कटरवर असतात. म्हणून अक्ष आणि गुणक निवडायला बोटांनी ओळखता येतील अशा मुठी हव्यात. आणीबाणीच्या बटणाचे सर्किट नेहमी जोडलेले ठेवतात, म्हणजे केबल तुटली तरी यंत्र थांबते.

बाजूच्या परवानगीच्या बटणाची कथा अधिक बोधप्रद आहे. मुंबईच्या लोकलमधील मोटरमनच्या मुठीप्रमाणे ते दाबून धरावे लागते; सुटले की हालचाल बंद. पण घाबरलेला माणूस हात सोडतोच असे नाही. कधी तो मूठ घट्ट आवळतो. म्हणून अशा बटणाला तीन स्थिती देतात: सोडले तरी यंत्र थांबते, जोराने आवळले तरी थांबते, फक्त मधल्या दाबावर चालते.

तीन माणसांना यंत्रापासून हटवण्यासाठी सुरू झालेला प्रवास माणूस घाबरल्यावर काय करतो, या प्रश्नापाशी आला. विद्यार्थ्यांसमोर कोणतेही यंत्र ठेवाल तेव्हा ते कसे चालते याबरोबरच हात चुकला तर काय होते, हेही अवश्य विचारा.