पाहुणं इंजिन घाटात आलं तर...

इंदूर-महूकडच्या मराठी घरांतली कॅमेऱ्याचा नाद असलेली चार मंडळी एकत्र बसली, की एक प्रश्न हमखास निघतो. पातालपानी-कालाकुंडच्या घाटात दोन-चार दिवसांसाठी एखादं वाफेचं इंजिन पाहुणं म्हणून आलं, तर फोटोसाठी उभं कुठे राहायचं? प्रश्न अगदीच हवेतला नाही. 1855 साली इंग्लंडमधल्या लीड्सला बांधलेलं ‘फेअरी क्वीन’ 1997 मध्ये दिल्लीहून अलवरला गेलंच की! इतकं जुनं इंजिन अजून धावतं म्हणून पुढच्या वर्षी त्याची गिनीज बुकात नोंद झाली. घाटातली आपली हेरिटेज गाडी मात्र 25 डिसेंबर 2018 ला सुरू झाल्यापासून डिझेलवरच चालते. म्हणून पाहुण्याची वाट पाहायची आणि तोवर जागा ठरवून ठेवायच्या, असा आमचा रिकामपणचा उद्योग. जागा ठरवता ठरवता दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कर्जापर्यंत जावं लागतं, म्हणून तो इथे मांडतो आहोत.

आधी इंजिनाचा स्वभाव समजून घेऊ. डिझेल इंजिन चढावर काय आणि उतारावर काय, फोटोत सारखंच दिसतं. वाफेचं इंजिन तसं नाही. उतारावर फायरमन निवांत असतो, ड्रायव्हर वाफ बंद करून ब्रेक सांभाळतो आणि इंजिन नुसतं घरंगळतं. त्या वेळी काढलेला फोटो संग्रहालयात उभ्या केलेल्या इंजिनासारखा येतो. तेच इंजिन चढाला लागलं, की धुराड्यातून सरळ उभा लोट उठतो. हा लोट म्हणजे नुसता धूर नव्हे. वाफ डोळ्यांना दिसतच नाही. ती बाहेरच्या हवेत थंड होऊन तिचे बारीक थेंब होतात, तेव्हा पांढरी दिसते. म्हणून थंडीतल्या सकाळी किंवा पावसाळी दमट हवेत तोच लोट डब्यांवरून मागे लांबवर रेंगाळतो आणि मे महिन्यात जेमतेम दिसून नाहीसा होतो. काळा धूर मात्र अर्धवट जळलेल्या कोळशाचा. फोटोवाल्यांना तो आवडतो. चांगल्या फायरमनला त्याची लाज वाटते.

तेव्हा पहिला नियम असा, की इंजिनाला जिथे जड जातं तिथे उभं राहावं. आणि आपल्या भागात इंजिनाला सगळ्यात जड जाणारी जागा म्हणजे विंध्याच्या कड्यावरून नर्मदेच्या खोऱ्यात उतरणारा हा घाट.

हा घाट रेल्वेच्या नशिबी आला कसा, ते पाहू. मार्च 1870 मध्ये जबलपूरपाशी दोन बाजूंचे रूळ जोडले गेले आणि मुंबई-कलकत्ता सलग रेल्वे झाली. जी.आय.पी. कंपनीचा हा मार्ग खंडव्यावरून जात होता. इंदूर वर पठारावर, मधे नर्मदा आणि विंध्याचा कडा. माळव्याची अफू आणि कापूस मुंबईला जायचा, तो बैलगाड्यांनी आणि तांड्यांनी घाट उतरून. त्याच 1870 साली तुकोजीराव होळकरांनी हिंदुस्थान सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज देऊ केलं. व्याज साडेचार टक्के, मुदत 101 वर्षं आणि संस्थानातली जमीन मोफत.

हे पुन्हा एकदा वाचावं. सरकारने संस्थानाला दिलेलं कर्ज नव्हे. संस्थानाने सरकारला दिलेलं! आणि मुदत एका माणसाच्या आयुष्याच्या पलीकडची. तुकोजीराव त्या वेळी पस्तिशीत होते. साडेचार टक्क्यांनी वर्षाला साडेचार लाख व्याज येतं, म्हणजे राजाने दानधर्म केला असंही नाही. रेसिडेन्सीच्या साहेबांबरोबर वागताना आपलं शहर मुंबईच्या बाजाराला जोडून घ्यायचं आणि पैसाही कामाला लावायचा, असा तो रोकडा व्यवहार होता. तुकोजीरावांच्या हिशेबीपणावर त्या काळी टीका झाली, आजही होते. आम्हाला विचाराल तर इंदूर व्यापाराचं शहर झालं ते या हिशेबीपणामुळेच. पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारने इंदूर-नीमच मार्गासाठी 75 लाख रुपये चार टक्क्यांनी दिले. एकाच मार्गाला दोन मराठी घराण्यांचा पैसा लागल्याचं हे उदाहरण आपल्याकडच्या भाषणांत फारसं येत नाही. पानिपत मात्र दरवर्षी येतं.

कर्ज मिळालं तरी पैसा पुरवून वापरायचा होता. ब्रॉडगेजपेक्षा स्वस्त म्हणून मीटरगेज ठरलं. खंडव्याहून सनावद, तिथून खेडीघाटाला नर्मदा ओलांडायची आणि चोरल नदीच्या दरीचं बोट धरून विंध्य चढायचा, असा मार्ग आखला गेला. खंडवा-सनावद तुकडा 1 डिसेंबर 1874 ला सुरू झाला. नर्मदेचा पूल 197 फुटांच्या चौदा गाळ्यांचा, रूळ उन्हाळी पाण्यापासून 80 फूट उंच. 5 ऑक्टोबर 1876 ला खुद्द तुकोजीरावांच्या हस्ते तो खुला झाला आणि ‘होळकर-नर्मदा पूल’ म्हणून ओळखला जाऊ लागला. घाटात चाळीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ घ्यावा लागला. खोल खोदाया चार आणि बोगदेही चार, चारही मिळून 510 यार्ड. पहिलं इंजिन हत्तींनी ओढून इंदुरात आणल्याची गोष्ट जुन्या घरांतून सांगतात. खरी असो-नसो, इंदूरला शोभणारी आहे. 1881-82 मध्ये होळकर आणि शिंदे दोघांचेही मार्ग राजपुताना-माळवा रेल्वेत विलीन झाले आणि वेळापत्रकांतून दोन्ही नावं गेली.

आता कॅमेरा घेऊन घाटात चला. रूळ ढोबळमानाने उत्तर-दक्षिण जातात. पातालपानीहून कालाकुंडला उतरणारं इंजिन दक्षिणेकडे तोंड करून येतं, चढताना उत्तरेकडे. इथेच गोम आहे. हिवाळ्यात वाफ झकास दिसते, पण सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला. चढणाऱ्या इंजिनाचं तोंड तेव्हा सावलीत राहतं आणि फोटोत काळा ठिपका येतो. जून-जुलैत सूर्य आपल्या डोक्यावर येतो, दुपारनंतर थोडा उत्तरेकडून पश्चिमेला उतरतो आणि तोंडावर प्रकाश पडतो. पण त्या दिवसांत ऊन निघेल याची खात्री कोण देणार? यावर उतारा म्हणजे वळण. दरीच्या कलाने जाताना रूळ मधेच पूर्वेला किंवा पश्चिमेला मान वळवतात. चढणारं इंजिन अशा वळणावर पश्चिमेकडे तोंड करून आलं, की हिवाळ्यातलं तिरपं ऊनही दुपारी त्याच्या चेहऱ्यावर येतं. पैसा वाचवण्यासाठी इंजिनिअरांनी डोंगर फोडण्याऐवजी डोंगराभोवती वळसे घेतले, त्याची फळं फोटोवाल्याला अशी मिळतात.

पातालपानीच्या बाजूला धबधबा आहे आणि पर्यटकांची पहिली धाव तिथेच असते. पावसाळ्यात दरी, पाणी, हिरवा कडा असं सगळं एका चौकटीत बसतं. पण त्या चौकटीत इंजिन काडेपेटीएवढं होतं. पाहुण्याचा फोटो हवा असेल तर ही जागा दुसऱ्या दिवसासाठी ठेवावी. जवळच तंट्या भिल्लाचं स्थान आहे. 4 डिसेंबर 1889 ला जबलपूरला त्याला फाशी दिलं आणि देह इथे रुळांपाशी आणून टाकला, असं सांगतात. गाड्या इथे क्षणभर थांबून मगच घाट उतरतात. भाविक म्हणतात मामांना सलामी, रेल्वेवाले म्हणतात ब्रेकची तपासणी. दोन्ही एकाच वेळी होत असेल तर बिघडलं कुठे? होळकरांच्या कर्जाने झालेल्या या मार्गावर गाडी थांबते ती मात्र तंट्यामामांसाठी, हे विसरता कामा नये.

बोगद्याच्या तोंडातून बाहेर येणारं इंजिन हे प्रत्येकाचं स्वप्न. आमचं स्पष्ट मत आहे, की ते स्वप्नच राहू द्यावं. रूळ ओलांडणं, पुलावर किंवा बोगद्यात शिरणं हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहेच. शिवाय घाटात बाजूला व्हायला जागा नसते. हल्ली पावसाळ्यात पोरं रुळांवरून चालत पातालपानी ते कालाकुंड सहल करतात. त्यांच्या आईवडिलांपैकी कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी घरी बोलावं.

मग राहतं कालाकुंड. सगळ्यात चांगली जागा हीच, असं आमच्यात बऱ्याच भांडणानंतर ठरलं. घाटाचा पायथा, साधं छोटं स्टेशन. पूर्वी इथे वर जाणाऱ्या गाडीला मागून ढकलायला दुसरं इंजिन जोडत; त्याला बँकर म्हणत. उभी गाडी, पुढे लगेच चढ आणि दोन्ही इंजिनं एकदम जोर लावतात, हे दृश्य घाटात दुसरीकडे कुठे मिळणार? एकट्या इंजिनालाही इथे उभ्या जागेवरून सुरुवात करावी लागते, म्हणजे वाफेचा पहिला आणि सगळ्यात मोठा लोट इथेच. वेग इतका कमी, की साध्या मोबाइलवरही फोटो हलत नाही. आणि हे सगळं फलाटावर उभं राहून, कायद्यात राहून. शिवाय पळसाच्या पानातला कलाकंद हातात. एकच चौकशी आधी करावी, की इंजिन वळवायची सोय कुठल्या टोकाला आहे. ती नसेल तर एका फेरीला इंजिन उलट्या तोंडाने, टेंडर पुढे करून धावतं आणि असा फोटो पाठमोऱ्या पाहुण्यासारखा येतो. उतारावर धुराडं पुढे असेल तर बॉयलरमधलं पाणी पुढे सरकतं, भट्टीच्या माथ्यावर ते कमी पडू शकतं. म्हणून घाटात धुराडं चढाच्या बाजूला ठेवणं केव्हाही बरं. आपल्याला हवा तो फोटो आणि इंजिनाची तब्येत, दोन्ही इथे जुळतात.

पाहुणा कोण असावा, यावर मात्र आमच्यात भांडण नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एफ-734 नावाचं मीटरगेजचं इंजिन आहे. 1895 साली अजमेरच्या कारखान्यात तयार झालेलं, संपूर्ण भारतात बांधलेलं पहिलं इंजिन अशी त्याची ख्याती. ते बांधलं राजपुताना-माळवा रेल्वेसाठी, म्हणजे होळकरांचा मार्ग ज्या रेल्वेत गेला तिच्याचसाठी. घरचंच म्हणायचं. ते आता चालत नाही आणि इतक्या मोलाच्या वस्तूला चढावर जुंपू नये हेही खरं. पण निदान पाहुण्यासारखं येऊन कालाकुंडच्या फलाटाशी चार दिवस बसलं तरी आम्ही धन्य होऊ.

येणार कसं, हा प्रश्न आहे. 2023 च्या सुरुवातीला महू ते ओंकारेश्वर रोड मीटरगेज बंद झालं. ब्रॉडगेजचा नवा मार्ग जुना घाट टाळून जाणार आहे. पातालपानी-कालाकुंड हा जेमतेम दहा किलोमीटरचा तुकडा हेरिटेज म्हणून राहिला, म्हणजे रुळांचं बेटच. आता कुठलंही मीटरगेज इंजिन इथे स्वतःच्या चाकांवर येऊ शकत नाही. ट्रेलरवर घालून सडकेनेच आणावं लागेल. वर पाणी आणि कोळसा. ‘फेअरी क्वीन’सारख्या लहानशा इंजिनालाही तीन हजार लिटर पाणी लागतं, आणि ते सपाटीवर.

म्हणून जे होऊन गेलं त्याचे फोटो जास्त मोलाचे. मुंबई-पुण्यामधला बोरघाट बांधला जात असताना ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये वारला. त्याच्या पत्नीने, ॲलिसने, काम पुढे नेलं आणि बांधकामाचे फोटोही घेतले. म्हणून तो घाट आज आपल्याला बांधला जाताना दिसतो. आपल्या घाटातून वर्षानुवर्षं वाफेची इंजिनं चढली, आणि मराठी घरांच्या अल्बमात त्यांचे फोटो शोधायला गेलं तर सापडतं काय? फलाटावर ओळीने उभं कुटुंब, ट्रंका, वळकट्या आणि कडेला इंजिनाचं अर्धं चाक. यात कोणाचा दोष नाही. घरोघरी होता तो अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बारा फोटो, शटर इतकं मंद की धावती गाडी पुसट यायची. स्टेशनवर फोटोला परवानगी लागायची ती वेगळीच. बारा फोटोंत मुंज बसवायची की इंजिन?

पण ते अर्धं चाकही आम्हाला हवं आहे. त्यावरून इंजिनाचा वर्ग कळतो, मागच्या पाटीवरून स्टेशन आणि आजीच्या लुगड्यावरून साधारण साल. कालाकुंड, चोरल, बडवाह, मोरटक्का, सनावद, कुठलंही चालेल. फोटो कितीही फिका असो, उत्सवाच्या दिवसांत संध्याकाळच्या आरतीआधी मंडळात घेऊन या. तिथेच स्कॅन करून लगेच हातात परत देऊ. मागे काही लिहिलेलं असेल तर तेही पुसू नका.